‘मी तोंडावर बोलते, पोटात काही ठेवत नाही’

नेरूळच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देत आहे.

वय ४७. नोकरी ठाण्यात, रोज ट्रान्स-हार्बर लोकलने ये-जा. घरी नवरा आणि १९ वर्षांचा मुलगा. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या सेमिस्टरला त्याला दोन केटी लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले, त्यातली एक एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची. त्याने हे मावशीला सांगितलं, आईला नाही. महिन्याभराने बहिणीच्या तोंडून चुकून निघालं तेव्हा ताईंना कळलं. जेवताना त्यांनी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “तुला सांगितलं की तू आधी बोलतेस, मग ऐकतेस.” पहिल्या वर्षी एम-वनमध्ये तो काठावर पास झाला होता, तेव्हा ताई “वाटलंच होतं मला” म्हणाल्या होत्या. तेही त्याने काढलं.

ताई लिहितात: “मी फटकळ आहे. तोंडावर बोलते, पण पोटात काही ठेवत नाही. त्याच्या फीचं कर्ज माझ्या पगारातून फिटतंय, कोणासाठी करते मी हे? तरी त्याची माफी मागितली. म्हटलं, मी तापट आहे, मला माहीत आहे, पण तुझ्या भल्यासाठीच बोलते ना! त्याने हेडफोन लावले. मग ठरवून दोन दिवस गप्प राहिले, तर तिसऱ्या दिवशी पलंगावरच्या ओल्या टॉवेलवरून दुप्पट भडका उडाला. मोबाइलवर जो तो सांगतो, स्वतःला आहे तसं स्वीकारा. नवरा म्हणतो, स्वभावाला औषध नाही. गोड बोलायला जावं तर नाटक केल्यासारखं वाटतं. मी स्वतःला स्वीकारू की बदलू?”

ताई,

तुमच्या मुलाचं वाक्य पुन्हा एकदा वाचू या. “तू आधी बोलतेस, मग ऐकतेस.” हे तुम्हाला लागलं, आणि लागणारच. पण तू वाईट आहेस असं त्यात कुठे नाही. तू तापट आहेस असंही नाही. बोलू नकोस, असंही तो म्हणत नाही. क्रम चुकतो, एवढंच त्याचं म्हणणं आहे. या वयाच्या मुलाने आईविषयीची तक्रार इतक्या नेमक्या शब्दांत आणि तिच्या समोर मांडावी, हे तुमच्या घराचं चांगलं लक्षण आहे. दार बंद झालेलं नाही.

त्याने एका सवयीबद्दल सांगितलं आणि तुम्ही उत्तरादाखल सगळ्या स्वभावाची कबुली दिलीत: ‘मी तापट आहे’. ही कबुली दिसायला मोठी आहे, पण तिच्यापुढे मुलाला बोलायला काही उरत नाही. हो म्हटलं तर उद्धटपणा, नाही म्हटलं तर खोटं. त्यातच ‘पण तुझ्या भल्यासाठी’ आलं, म्हणजे चूकही शेवटी त्याच्याच खात्यावर गेली. तो हेडफोन लावणार नाही तर काय करणार?

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये एक उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती शिकवली, मराठीत ‘विवेकनिष्ठ’ या नावाने मांडली. तिच्या मुळाशी एक साधा भेद आहे. कृतीला गुण द्या, हवं तर नापास करा, पण सबंध माणसाला गुण देऊ नका. स्वतःला स्वीकारणं म्हणजे तिथे ‘मी अशीच, चालवून घ्या’ असं नसतं. माझ्या हातून हे झालं, ते चुकलं, आणि ते चुकूनही मी टाकाऊ ठरत नाही, म्हणून ते झाकायची मला गरज नाही, असा त्याचा अर्थ. ‘मी वाईट आई’ असा शिक्का स्वतःवर बसेल अशी भीती असली की माणूस चुकीकडे बघूच शकत नाही, बचाव करत सुटतो. म्हणजे स्वीकारल्याशिवाय बदलता येत नाही. तुम्ही एकमेकांसमोर उभ्या केलेल्या या दोन गोष्टी प्रत्यक्षात एकामागून एक येतात.

नवऱ्याची म्हण अर्धी खरी आहे. राग चटकन येणं कदाचित जन्मभर राहील. त्याला औषध शोधूही नका. पण राग आल्यापासून शब्द बाहेर पडेपर्यंत काय होतं, आणि शब्द बाहेर पडल्यावर पुढच्या तासाभरात तुम्ही काय करता, हा स्वभाव नव्हे, ही सवय आहे. ऑफिसात साहेबांना तुम्ही ‘वाटलंच होतं मला’ म्हणत नाही. म्हणजे थांबता येतं.

आता ज्या वाक्याचा तुम्हाला अभिमान आहे त्याकडे येते. ‘तोंडावर बोलते, पोटात काही ठेवत नाही.’ आपल्या घराघरांत हे वाक्य गुण म्हणून सांगितलं जातं, म्हणून ते सहसा कोणी तपासत नाही. एम-वनच्या निकालाच्या दिवशी तुमच्या पोटात काय होतं? तुमच्याच पत्रात उत्तर आहे: कर्ज, पगार, मुलाचं वर्ष गेलं तर काय ही धास्ती. आणि तोंडावर काय आलं? ‘वाटलंच होतं मला.’ धास्ती पोटातच राहिली, बाहेर पडला तो शेरा. तुम्ही फार स्पष्ट बोलता असं मला वाटत नाही, ताई. जे खरं होतं ते तुम्ही अजून त्याच्याशी बोललाच नाहीत. आईचा राग त्याला तोंडपाठ आहे. आईला कशाची भीती वाटते हे त्याला कोणी सांगितलंय?

गोड बोलणं नाटकी वाटतं तेही यामुळेच. त्यातही पोटातलं बाहेर येत नाही. तेव्हा गोड बोलण्याचा नाद सोडा. आवाज तुमचाच राहू द्या, खणखणीत असला तरी चालेल. फक्त शेऱ्याच्या जागी पोटातली गोष्ट येऊ द्या. “दोन केटी ऐकल्या आणि माझ्या पोटात गोळा आला, मला वाटलं आता वर्ष जाणार.” हे वाक्य फटकळ बाईलाही शोभतं.

कामाला लागायचं तर पहिले १४ दिवस काहीही बदलू नका, फक्त टिपा. ठाण्याहून नेरूळला यायला गाडीत साधारण अर्धा तास जातो, तो वेळ यासाठी चांगला आहे. आदल्या दिवशीचा एकच प्रसंग घ्या आणि चार गोष्टी लिहा: किती वाजले होते, समोरचा नेमकं काय म्हणाला, मी नेमकं काय म्हणाले, आणि बोलण्याच्या क्षणभर आधी अंगात काय झालं. जबडा आवळला, कान तापले, छातीत धडधडलं, जे असेल ते. शब्द जसेच्या तसे लिहायचे. ‘मी ओरडले’ असं लिहिलंत तर हाती काही लागत नाही, ‘तुला कधी अक्कल येणार’ असं लिहिलंत तर लागतं. बहुतेकांचं इथेच बिनसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टिपणाचं स्वतःविरुद्धचं आरोपपत्र होतं आणि वही बंद पडते. ‘मी किती वाईट’ असं एक जरी वाक्य आलं तरी खोडा. दोन आठवड्यांनी बहुधा दोन गोष्टी दिसतील. भडके ठरावीक वेळेला उडतात, आणि ही वेळ बऱ्याचदा घरात पाऊल टाकल्यानंतरचा पहिला अर्धा तास असते: पोटात भूक, खांद्याला पर्स, ओट्यावर सकाळची भांडी. आणि त्या आधीच्या क्षणी राग नसतो, भीती असते नाहीतर लाज.

त्यावरून पहिला नियम आपोआप निघतो. घरी आल्यावर पहिला अर्धा तास कुठलाही महत्त्वाचा प्रश्न नाही. तुर्भे सुटलं की मोबाइल पर्समध्ये टाका, जुईनगर आणि नेरूळ एवढी दोन स्टेशनं नुसतं बाहेर बघा. घरी हातपाय धुवा, काहीतरी खा, चहा घ्या. मार्कशीट, टॉवेल, गॅसचा नंबर, सगळं त्यानंतर.

दुसरा नियम नाडीचा. जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात की वादात नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की समोरच्याचं ऐकून घेण्याची ताकद घटते, आणि शरीर शांत व्हायला किमान २० मिनिटं लागतात. मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद मोजा. ठोके २५ किंवा जास्त आले तर त्या क्षणी बोलून उपयोग नाही. (जिने चढून आल्या आल्या मोजू नका, तेव्हा ते वाढलेलेच असतात.) पण उठून नुसतं आत गेलात तर मुलगा त्याला अबोला समजेल, आणि आपल्याकडे अबोल्याचा धाक ओरडण्यापेक्षा जास्त असतो. म्हणून जाताना परत कधी येणार ते सांगा: “मी आत्ता नीट ऐकू शकणार नाही. साडेनऊला बसू.” साडेनऊला स्वतःहून या. मधल्या वेळात भांडण मनात घोळवलंत तर नाडी उतरत नाही. भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला.

तुमचा दोन दिवसांचा मौनाचा प्रयोग का फसला, हे तुमच्याच शहरात बघायला मिळतं. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानात तुम्ही फेरी मारत असालच. तिथलं तळं नुसतं शोभेचं नाही, तो धारण तलाव आहे. शहराचा सखल भाग भरतीच्या पातळीच्या खाली येतो, म्हणून मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकदम आले की पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही. ते अशा तलावात थांबतं. भरतीला झडपा मिटतात, ओहोटी लागली की उघडतात आणि पाणी निघून जातं. गाळ साचत गेला की तलावात पाणी मावत नाही आणि ते रस्त्यावर येतं. तुम्ही दोन दिवस झडप मिटून ठेवलीत आणि ओहोटीलाही उघडली नाहीत. तिसऱ्या दिवशीचा टॉवेल हे निमित्त. थांबायचं ते बोलण्यासाठी, गिळण्यासाठी नाही. आत्ता थांबवलेली गोष्ट त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ठरवलेल्या वेळी बाहेर यायलाच हवी.

आता माफी. ती पुन्हा मागावी लागेल, कारण पहिली पोचलेली नाही. एकच प्रसंग घ्या, त्यातले तुमचे शब्द घ्या, त्याचा मुलावर काय परिणाम झाला असेल ते एका वाक्यात म्हणा, आणि थांबा. असं काहीसं: “एम-वनच्या वेळी तू सांगायला आलास आणि मी ‘वाटलंच होतं मला’ म्हणाले. ते चुकलं. त्यानंतर केटीचं मला सांगावंसं वाटलं नसेल, ते मला कळतं.” संपलं. ‘पण’ नाही, कर्जाचा विषय नाही, ‘केलंस ना माफ?’ हेही नाही. असं विचारलं की मुलाला आईची समजूत काढावी लागते आणि त्याचं दुखणं मागे पडतं. रडू आलं तर येऊ द्या, मात्र त्याने डोळे पुसावेत अशी अपेक्षा ठेवू नका. तो नुसतं “बरं” म्हणेल आणि मोबाइल उचलेल, याची तयारी ठेवा. एवढंच व्हायचं असतं त्या दिवशी.

त्या दिवशी दुसरा कुठलाही विषय काढू नका, हे मुद्दाम सांगते. त्याने महिनाभर लपवलं, हेही चुकलंच, आणि ते त्याला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण माफीच्या पाठोपाठ ते आलं तर माफी ही तक्रारीची प्रस्तावना होती असं त्याला वाटेल. आठवडाभर जाऊ द्या. मग समोरासमोर बसवून नको, शेजारी शेजारी चालताना बोला. नजरेला नजर द्यावी लागत नाही म्हणून मुलं अशा वेळी जास्त बोलतात. रविवारी संध्याकाळी त्याच तळ्याभोवती फेरी मारलीत तरी पुरे. सुरुवात ‘का’ने करू नका. ‘का नाही सांगितलंस’, ‘का नाही अभ्यास केलास’ म्हटलं की उलटतपासणी सुरू होते आणि समोरचा कारणं रचायला लागतो. “तुला कधी लक्षात आलं की पेपर अवघड जाणार?” किंवा “यातलं सगळ्यात जड काय गेलं?” असं विचारा. तो थांबला की लगेच बोलू नका, दोन श्वास सोडा. निम्म्या वेळा तो पुढे बोलतोच, आणि महत्त्वाचं असतं ते बहुधा त्या दुसऱ्या वाक्यात. मग तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत त्याला परत सांगा: “म्हणजे पहिल्या युनिटपासूनच सुटत गेलं आणि विचारायची लाज वाटली, असं का?” चुकलात तर तो दुरुस्त करेल, आणि दुरुस्त करताना आणखी बोलेल. उपाय सुचवायची घाई तुमच्या हाडीमाशी खिळलेली आहे, ती जाणार नाही. तेव्हा सरळ विचारा, “नुसतं ऐकू, की काही सुचवू?” नुसतं ऐक म्हणाला, तर त्या फेरीत सूचना एकही नाही.

तुमची बाजू मांडायची वेळ आली की पोटातलं सांगा आणि एकच मागणी करा, तीही पुरी करता येईल अशी. ‘माझ्यापासून काही लपवायचं नाही’ ही मागणी १९ वर्षांच्या मुलाकडे पुरी होणारी नाही, व्हायलाही नको. त्याचं स्वतःचं असं काही असणारच. “निकाल लागला की दोन दिवसांत मला सांग, त्या दिवशी मी एक शब्द बोलणार नाही” ही होण्यासारखी आहे. आणि केटीचं म्हणाल, तर ते नावच ‘अलाउड टु कीप टर्म्स’मधून आलंय, म्हणजे पुढे चालू राहायची मुभा. मुलाचं आयुष्य संपल्याची ती नोटीस नाही. त्याने परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, एम-थ्रीला कुणाची मदत घ्यायची, हे त्याला ठरवू द्या.

नवऱ्यालाही थोडं काम द्या. भडका उडाल्यावर ‘झालं तुझं सुरू’ म्हटल्याने आगीत तेलच पडतं. शांत असताना दोघांनी एक खूण ठरवा, उदाहरणार्थ त्यांनी मुकाट्याने पाण्याचा ग्लास तुमच्यासमोर ठेवायचा. आधी ठरलेली असेल तरच ती खूण चालते, नाहीतर टोमणा वाटते.

आणि एक शरीराचं. चाळिशीच्या उत्तरार्धात, पाळी जायच्या आधीच्या वर्षांत, झोप उडणं आणि चिडचिड वाढणं हे अनेक बायकांना होतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, डॉक्टरांना झोपेबद्दल सांगा. मुलासमोर हे कारण म्हणून पुढे करू नका, पण जे औषधाने कमी होण्यासारखं आहे ते सोसत बसण्यातही अर्थ नाही. राग हातावर येत असेल, वस्तू फेकल्या जात असतील, रोज रडू येत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर हे वाचून थांबू नका. ठाण्यात आयपीएचसारखी मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून हेच काम करते. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र, मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं.

हे सगळं करूनही तुम्ही घसराल, कदाचित पहिल्याच आठवड्यात. घसरण्याची संख्या मोजू नका. घसरल्यापासून सावरायला किती वेळ लागला तो मोजा. वाक्य अर्ध्यावर असतानाही म्हणता येतं, “थांब, मी पुन्हा तेच केलं. तू बोल.” आज सावरायला दोन दिवस लागत असतील, तर ते दोन तासांवर आणि पुढे दोन मिनिटांवर येतं का, एवढंच वहीत बघा. किमान तीन महिने द्या.

मुलगा लगेच मोकळा होणार नाही. तो आधी एखादी लहान गोष्ट टाकून बघेल. कॉलेजचं आयकार्ड हरवलं, सबमिशन उशिरा दिलं, असं काहीतरी, तेही तुम्ही कणीक मळत असताना आणि स्वतः फ्रिजमध्ये बघत. हे सहज बोलणं नसतं, तो बघत असतो. ‘कसं काय हरवलं?’ तुमच्या ओठांवर येईलच. दोन श्वास सोडा, हात परातीतच राहू द्या, आणि म्हणा, “अरेरे. मग आता काय करायचं ठरवलंयस?” तो नव्या कार्डाचे पैसे मागेल. तेवढे द्या.